मॉन्ते लुनाचा फ्लेक्स

स्टॉकटन, कॅलिफोर्निया
२७ एप्रिल

आदरणीय तिता पुरिसिमा,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चॅट न करता ईमेलने पूर्ण पत्र लिहितो आहे, तारीख घालून आणि परिच्छेद पाडून. पाठवण्यापूर्वी मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहे. तरी चूक सापडली तर कृपया कळवावी.

बातमी अशी की मला दोन विद्यापीठांनी प्रवेश दिला आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजातली माझी दोन वर्षे आता संपतात. उरलेली दोन वर्षे मोठ्या विद्यापीठात काढली की पदवी मिळते. याला इथे ट्रान्सफर म्हणतात. आईच्या मैत्रिणी याला 'मागच्या दाराने जाणे' म्हणतात, पण त्यांची मुले पुढच्या दाराने गेली आणि तीन महिन्यांत त्याच दाराने परत आली, म्हणून मी मनावर घेत नाही.

पहिले विद्यापीठ मॉन्ते लुना. समुद्राकाठी आहे. तुम्हाला नाव माहीत असेल, कारण तुमच्या बाजारात जुन्या अमेरिकन कपड्यांचा ढीग लागतो त्यात त्याचे टी-शर्ट हमखास असतात. दुसरे टूली स्टेट. ते आमच्या घरापासून जवळच, बदामाच्या बागांपलीकडे आहे. त्याचा टी-शर्ट मी अजून कोणाच्याही अंगावर पाहिलेला नाही.

अडचण अशी आहे. टूली स्टेटच्या पत्रात सरळ लिहिले आहे की मला संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला घेतले आहे. मॉन्ते लुनाच्या पत्रात लिहिले आहे की मला 'शोधयात्री' म्हणून घेतले आहे. खाली बारीक अक्षरांत असे आहे की संगणकशास्त्र विभाग भरलेला असून वर्षभराने अर्ज करता येईल, आणि ज्यांना जागा मिळणार नाही त्यांना स्वतःची दुसरी आवड शोधायला मदत केली जाईल. मी ईमेल करून विचारले की जागा मिळण्याची शक्यता किती. उत्तर आले, 'तुमचा उत्साह पाहून आम्हालाही उत्साह वाटतो.'

एक जूनपर्यंत कुठेतरी हो म्हणायचे आहे. आईला मी अजून बारीक अक्षरांचे सांगितलेले नाही. मॉन्ते लुना हे नाव ऐकून ती रडू लागली, त्यामुळे पुढचे वाक्य राहून गेले.

मी चौथीपर्यंत तुमच्या हाताखाली शिकलो, म्हणून तुम्हाला विचारतो आहे. कृपया कोणालाही सांगू नका.

तुमचा भाचा,
रेनान्ते


सांता फिलोमेना, पांगासिनान, फिलिपिन्स
३ मे

प्रिय नान्ते,

पत्र वाचलं. चूक नाही. मला पत्र लिहिताना इतकं घाबरत जाऊ नकोस, मी आता निवृत्त आहे.

कोणाला सांगू नका म्हणालास, म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. फक्त कापितान होनोरियोंना सांगितलं, कारण ते गावचे प्रमुख आहेत आणि मी पत्र वाचत होते तेव्हा ते नेमके दारात उभे होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "मॅडम, कोण गेलं?" आता एवढ्या काळजीनं विचारल्यावर माणसाला तसंच परत पाठवायचं का? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, माझ्या बहिणीच्या मुलाला मॉन्ते लुनात प्रवेश मिळाला. दुसरं नावही सांगणार होते, पण तोवर त्यांनी मोटरसायकल सुरू केली.

त्याचा परिणाम असा झाला की चर्चसमोर बास्केटबॉलच्या मैदानावर तुझा फ्लेक्स लागला आहे. चांगला मोठा आहे. एका बाजूची बास्केट त्याच्यामागे गेली, म्हणून पोरं हल्ली एकाच बाजूला खेळतात.

मजकूर असा: 'हार्दिक अभिनंदन. सांता फिलोमेनाचे सुपुत्र, संगणकशास्त्रज्ञ रेनान्ते दुमलाव, मॉन्ते लुना विद्यापीठ, अमेरिका. शुभेच्छुक, आपले लाडके कापितान होनोरियो बाल्दोमार.' फोटो तू मारिबेलच्या लग्नाला आला होतास तेव्हाचा आहे. तू भाजलेल्या डुकराच्या टेबलाशी उभा होतास. डुक्कर कापून काढलंय, पण त्याचा एक कान तुझ्या खांद्यावर राहिला. लांबून बिल्ल्यासारखा दिसतो.

कापितानांचा चेहरा तुझ्या दुप्पट आहे. मी विचारलं, हे कसं? तर म्हणाले, "मॅडम, अभिनंदन कोणाचं आहे ते लोक वाचतील. कोणी केलं ते लांबून दिसायला पाहिजे." गावच्या निवडणुका ऑक्टोबरच्या शेवटी आहेत. प्रचाराला अजून परवानगी नाही. अभिनंदनाला आहे.

तेव्हा आता काळजी करू नकोस. निर्णय झाल्यासारखाच आहे.

तुझी तिता


स्टॉकटन
९ मे

आदरणीय तिता,

फ्लेक्सबद्दल कापितानांचे आभार मानावेत आणि तो उतरवावा अशी माझी नम्र विनंती आहे. त्यात मला आढळलेल्या चुका अशा की मी शास्त्रज्ञ नाही, मॉन्ते लुनात नाही, आणि तो कान माझा नाही.

मी परवा मॉन्ते लुना पाहून आलो. नवीन मुलांसाठी स्वागताचा दिवस होता. इमारती फार सुंदर आहेत. आम्हाला फिरवणारी मुलगी संपूर्ण वेळ आमच्याकडे तोंड करून उलटी चालत होती आणि एकदाही कशालाही धडकली नाही. तिने आम्हाला समुद्र दाखवला, ग्रंथालयातून दिसणारा समुद्र दाखवला आणि जेवणाच्या दालनातून दिसणारा समुद्र दाखवला. मी विचारले, "संगणकशास्त्राचा विभाग कुठे आहे?" तिने हात केला. तो विभाग टेकडीवर होता आणि दार कार्ड असलेल्यांनाच उघडत होते. आम्ही काचेतून आत पाहिले. आतली मुले बाहेर आमच्याकडे पाहत नव्हती, ती काम करत होती. मी तिथे थोडा जास्त वेळ उभा राहिलो, तेवढ्यात सगळे पुन्हा समुद्राकडे गेले.

जेवणाच्या वेळी मार्विक नावाचा आपल्याकडचा एक मुलगा भेटला. त्याचे आईवडील बातांगासचे. तोही माझ्यासारखाच कम्युनिटी कॉलेजातून संगणक शिकायला म्हणून आला होता. दोनदा अर्ज केला, दोनदा जागा नव्हती. आता तो 'फावल्या वेळाचे समाजशास्त्र' शिकतो.

मी म्हटले, "घरी काय सांगितलंस?"

"घरी कॉम्प्युटरच आहे अजून," तो म्हणाला. "आईचा प्रिंटर बिघडला की मी जाऊन दुरुस्त करतो. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसतो."

"आणि तुला? आवडतं का?"

"तसं काय," तो म्हणाला, "फावला वेळ भरपूर मिळतो."

तो हसला म्हणून मीही हसलो. घरी येईपर्यंत मला ते हसू पुरले नाही.

मी दोन्ही विद्यापीठांचा एक तक्ता केला आहे. पहिल्यांदा टूली स्टेट पुढे आले. मग 'आईचा आनंद' हा रकाना घालायचा राहिला होता हे लक्षात आले. तो घातल्यावर मॉन्ते लुना पुढे आले. मग मला वाटले की माझाही एखादा रकाना असावा. आता दोन्ही सारखे येतात.

तुमचा,
रेनान्ते


सांता फिलोमेना
१५ मे

प्रिय नान्ते,

फ्लेक्स उतरवता येणार नाही. कारण ऐक, म्हणजे माझ्यावर चिडणार नाहीस.

मागच्या रविवारी मेयर आपल्या चर्चमध्ये आले. बाहेर पडताना त्यांची नजर फ्लेक्सवर गेली. कापितानांना म्हणाले, "हा पोरगा आपल्या तालुक्याचा, आणि मला कोणी सांगितलं नाही?" कापितान म्हणाले, "मेयर, पोरगा आपल्या शाळेचा. पण शाळेत बघाल तर एक संगणक नाही." त्यावर मेयरांनी तिथेच, पाद्रींच्या समोर, शाळेला संगणकाची खोली देतो म्हणून कबूल केलं. इतक्या वर्षांत मी वरती किती अर्ज पाठवले, तुला माहीत आहे. पोचही येत नसे. आणि तुझ्या खांद्यावरच्या कानानं ते काम एका सकाळीत केलं.

आता तो फ्लेक्स उतरला तर मेयर विचारणार, का उतरला? मग खोलीचं काय होईल, तूच सांग.

तुझं पत्र मी नीट वाचलं. त्या शोधयात्रेचं मला एवढं काही वाटत नाही. मॉन्ते लुनात पाऊल तर टाक. आत गेल्यावर काय शिकतोस हा तुमचा आतला प्रश्न. तो मार्विक आहे ना टिकून? आईवडील खूश आहेत, तो खूश आहे, प्रिंटर चालतो आहे.

तुझ्या आईशी फोनवर बोलले. तिनं मॉन्ते लुनाचा स्वेटशर्ट घेतला म्हणे, आणि वृद्धाश्रमात कामावर घालून जाते. तिथली म्हातारी माणसं तिचं रोज नव्यानं अभिनंदन करतात, कारण काल केलेलं ती विसरतात. असं सुख माझ्या बहिणीला फार मिळालेलं नाही. त्याचा रकाना जरा रुंद कर.

तुझी तिता

ता.क. शाळेसमोरची बाई विचारत होती, तिच्या मुलाचा मोबाइल फार गरम होतो. काय करावं?


स्टॉकटन
२१ मे

आदरणीय तिता,

मोबाइल उन्हात ठेवू नये आणि चार्जिंगला लावून खेळू नये असे सांगावे.

काल टूली स्टेटला जाऊन आलो. इथे स्वागताचा दिवस नव्हता, साधा बुधवार होता. आधी पार्किंग येते, मग आणखी पार्किंग येते, मग विद्यापीठ. इमारती बिस्किटाच्या रंगाच्या आहेत. कोणी उलटे चालत नव्हते. संगणकशास्त्राचा विभाग कुठे म्हणून विचारले, तर एक माळी म्हणाला, "तू त्याच्यातच उभा आहेस."

एका खोलीचे दार उघडे होते. आत डॉ. नाझारियन नावाच्या बाई डब्यातून द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात खात होत्या. मी म्हटले, "माफ करा, नंतर येतो." त्या म्हणाल्या, "नंतर मला तास आहे. आत्ताच ये. तू काय बनवलंयस ते दाखव."

मी माझा प्रोग्रॅम दाखवला. आईच्या कामाच्या जागी कोणाला कोणते औषध कधी द्यायचे, त्यात दोन औषधे एकमेकांच्या वाटेला जात असतील तर तो सांगतो. त्यांनी डबा बाजूला ठेवला. विचारत गेल्या, मी सांगत गेलो. एके ठिकाणी म्हणाल्या, "हीच गोष्ट तू तीन वेगवेगळ्या जागी का तपासतोस?" मी म्हटले, "मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "भीती चांगली आहे. पण एकाच जागी राहायला शिकव तिला. ये ऑगस्टमध्ये, दाखवते कसं ते." नंतर त्यांचा तास होता, तोही मी मागच्या बाकावर बसून ऐकला. तिता, मला त्यातले निम्मेच कळले, आणि उरलेले निम्मे कधी कळेल असे झाले आहे.

आता एक नाजूक गोष्ट. गावातल्या दिन्दोने मला फ्लेक्सचा फोटो पाठवला. तुम्ही मजकूर कळवला होता, परंतु त्यातली शेवटची ओळ तुमच्याकडून राहून गेली असावी. माझ्या हनुवटीखाली एक गोल आहे आणि त्यात तुमचा फोटो आहे. खाली लिहिले आहे, 'प्रेरणास्थान, मॅडम पुरिसिमा, आपल्या भावी पंच.'

मी फोटो मोठा करून पाहिला. तुम्ही हसत आहात.

तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तिता म्हणून नको, शिक्षिका म्हणून सांगा. मी कुठे जावे?

तुमचा,
रेनान्ते


सांता फिलोमेना
२६ मे

नान्ते,

दिन्दोच्या हातून फोन काढून घ्यायला पाहिजे.

हो, मी उभी राहते आहे, कापितानांच्या पॅनेलमधून. तुला सांगणार होते, पण तुझं डोकं आधीच दोन विद्यापीठांत अडकलं होतं, तिसरं कशाला. आणि उभी का राहू नये? तिथे बसलेल्या पंचांपैकी निम्म्यांना मी पाढे शिकवलेत आणि उरलेल्यांना शिकवूनही आले नाहीत. शाळेच्या खोलीला कुलूप लागेल, संगणक कापितानांच्या मेव्हण्याच्या घरी जातील, हे मला बाहेर बसून बघायचं नाही.

शिक्षिका म्हणून सांगा म्हणतोस. ते उत्तर नंतर देईन. आत्ता मी उमेदवार आहे.

उमेदवार म्हणून सांगते, तू दोन्हीकडे हो म्हण. कापितान म्हणतात, तेही तसंच करतात. फिएस्ताच्या जत्रेला दोन्ही बँडवाल्यांना हो म्हणून ठेवतात, येईल तो वाजवतो. ऑक्टोबर संपला की एकाला नाही म्हण. तोपर्यंत तू मॉन्ते लुनाचा, म्हणजे फ्लेक्सही खरा, मीही खरी, खोलीही खरी.

तुझी आई कालही फोनवर स्वेटशर्टबद्दलच बोलत होती. तिला तू बारीक अक्षरांचं अजून सांगितलं नाहीस ना? मीही काही बोलले नाही. आपण दोघं सारखेच निघालो.

तिता


स्टॉकटन
२ जून

आदरणीय तिता,

दोन्हीकडे हो म्हणणे मला जमले नाही. मी त्याचा खरोखर विचार केला. परंतु मॉन्ते लुनात मी अडवलेली जागा रिकामी राहील, आणि ती दुसऱ्या कोणाला तरी हवी असेल. तो कोण ते मला माहीत नाही, पण तो आपल्या ईमेलकडे कसा पाहत बसला असेल ते मला चांगले माहीत आहे.

काल सकाळी मी आईला गाडीत घालून टूली स्टेटच्या पार्किंगमध्ये नेले. तिच्या अंगात तो स्वेटशर्ट होता. ती म्हणाली, "इथे काय आहे?" मी तिला मॉन्ते लुनाचे पत्र वाचून दाखवले, बारीक अक्षरांसकट. मोठ्या अक्षरांपासून सुरुवात केली नाही, कारण मागच्या वेळी तीच चूक झाली होती.



"म्हणजे तिथे तू कॉम्प्युटर शिकणार नाहीस?"

"वर्षाने विचारता येईल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर माझी दुसरी आवड शोधायला मदत करतील."

"तुला दुसरी कुठली आवड आहे?"

मी मनापासून विचार केला. "नाही," म्हटले.

"मग ते काय शोधणार आहेत?" आई म्हणाली. "हे तू मला एप्रिलमध्ये का नाही सांगितलंस?"

"तू रडत होतीस."

"मी जाहिराती बघूनही रडते, नान्ते. म्हणून काय तू त्या वस्तू विकत घेतोस?" मग तिने स्वेटशर्टची बाही नीट केली आणि विचारले, "हा परत घेतील का?"

"तू धुतला आहेस."

"मग राहू दे. उबदार आहे."

तिथेच गाडीत बसून मी टूली स्टेटला हो कळवले. मॉन्ते लुनाला नाही कळवताना कारण विचारले होते. दिलेल्या पर्यायांत माझे कारण नव्हते, म्हणून 'इतर' मध्ये लिहिले की मला संगणकशास्त्र शिकायचे आहे. लगेच उत्तर आले, 'तुमचा निर्णय कळल्याने आम्हाला उत्साह वाटतो.'

आता तुम्ही रागावणार आहात ते लिहितो. मी कापितानांना स्वतः ईमेल केला आहे. त्यात आदरपूर्वक कळवले आहे की मी मॉन्ते लुनाला नकार दिला असून टूली स्टेटला जात आहे, मी शास्त्रज्ञ नसून विद्यार्थी आहे, आणि फ्लेक्स त्याप्रमाणे दुरुस्त करावा. तुम्हाला मध्ये घातले असते तर तुम्हाला खोटे बोलावे लागले असते किंवा हरावे लागले असते. दोन्ही माझ्यामुळे नको.

तुमचा,
रेनान्ते


सांता फिलोमेना
१९ जून

नान्ते,

मी रागावले आहे, हे आधी नोंदवते. मला विचारल्याशिवाय कापितानांना लिहायची काय गरज होती? मी आठवडाभर त्यांना टाळण्यासाठी मासळीबाजाराला मागच्या गल्लीतून जात होते.

शेवटी त्यांनीच मला गाठलं. तुझा ईमेल छापून खिशात घेऊन फिरत होते. मला वाटलं, झालं, पॅनेलमधून नाव गेलं. तर म्हणाले, "मॅडम, हे खरं आहे? त्यानं त्यांना नाही म्हटलं? ते बोलावत असताना?"

मी म्हटलं, हो.

"आजपर्यंत आपल्याला अमेरिकेनं नाही म्हटलं," ते म्हणाले. "व्हिसाला नाही, नोकरीला नाही. माझ्या भावाला तर दोनदा. आणि आपल्या पोरानं त्यांना नाही म्हटलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं, मी त्यांना पहिलीपासून ओळखते.

नवा फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी लागला, आधीच्यापेक्षा मोठा. आता दोन्ही बास्केट झाकल्या गेल्यात. लिहिलं आहे, 'मॉन्ते लुना विद्यापीठाला नकार देणारे सांता फिलोमेनाचे पहिले सुपुत्र.' तू कळवलेली दुरुस्ती त्यांनी केली आहे, शास्त्रज्ञ काढून विद्यार्थी घातलं. डुकराचा कानही काढला, पण त्याबरोबर तुझाही एक गेला. टूली स्टेटचं नाव नाही. मी विचारलं, तर म्हणाले जागा उरली नाही. माझा गोल मात्र मोठा झालाय.

मेयर बघायला आले. "नकार दिला? तिथे काय कमी होतं?" कापितान छाती काढून म्हणाले, "मेयर, आमच्या पोराच्या पसंतीला उतरलं नाही." संगणक आले आहेत. खोक्यांतच आहेत, कारण खोकी मेयर स्वतः उघडणार आहेत, निवडणुकीनंतर.

आता गावात नवीन खूळ आलंय. रोसेंदोच्या मुलीला मनिलात नोकरी मिळाली, तर तो म्हणतो, "आधी नाही म्हण. मग फ्लेक्स लावू."

तिता


टूली स्टेट
१४ सप्टेंबर

आदरणीय तिता,

उशिरा लिहितो आहे याबद्दल क्षमस्व. तीन आठवड्यांपूर्वी तास सुरू झाले आणि तेव्हापासून मी प्रयोगशाळेतच असतो. इथून समुद्र दिसत नाही. खिडकीतून माझी गाडी दिसते.

डॉ. नाझारियन यांनी पहिल्या आठवड्यात आम्हाला कोणी तरी लिहिलेला एक प्रोग्रॅम दिला आणि म्हणाल्या, "हा बरोबर चालतो. तरी यात काय चुकलंय ते शोधा." बाकीच्यांनी तो लगेच सुधारून अधिक वेगवान केला. मी नुसता वाचत बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी 'आटप' म्हटले नाही. चूक मला सापडली. ती मी उठून सांगितली. त्या म्हणाल्या, "आता हे सगळ्यांना समजावून सांग," आणि स्वतः माझ्या बाकावर जाऊन बसल्या.

मॉन्ते लुनात ही खोली मला काचेतून दिसली असती. त्या काचेची आठवण आली की मला अजून धडकी भरते, कारण तक्त्यात दोन्ही सारखेच येत होते.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, तरी लिहितो. नव्या फ्लेक्सवर टूली स्टेट नाही हे कळले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही. मी रोज इथे येतो, इथे मला जमते आहे, आणि गावाला मी फक्त कुठे गेलो नाही एवढेच माहीत आहे. तुम्ही काही करावे असे नाही. कोणाला तरी सांगावेसे वाटले.

निवडणुकीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

तुमचा,
रेनान्ते


सांता फिलोमेना
९ नोव्हेंबर

प्रिय नान्ते,

निवडून आले. सगळ्यांत शेवटच्या नंबरानं आले, पण आत आले. कापितानही आले. फ्लेक्स उतरले, पोरं पुन्हा दोन्ही बाजूंनी खेळतात.

पहिली बैठक काल झाली. पंचायतीचं छप्पर गळतं, म्हणून शाळेत घेतली, माझ्याच जुन्या वर्गात. सगळे पंच छोट्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. पहिला विषय संगणकाच्या खोलीचा. मी म्हटलं, खोकी आज उघडायची, मेयर येवोत न येवोत. यावर कोणी बोललं नाही, कारण किल्ली माझ्याकडे आहे.

मग खोलीचं नाव ठरवायचं होतं. कापितान म्हणाले, "रेनान्ते दुमलाव मॉन्ते लुना संगणक कक्ष."

मी म्हटलं, "तो तिथे नाही."

"पण नाही म्हणाला ते तिथल्यांनाच ना, मॅडम. लोकांना तेच नाव पाठ झालंय."

"तो कुठे आहे ते मी सांगते. पाठ करायला फार वेळ लागत नाही."

"कुठे आहे?" एकानं विचारलं. तो पंच म्हणून दुसऱ्यांदा निवडून आलाय आणि मैदानावर तुझ्या फोटोखाली पाच महिने बसून पत्ते खेळलाय. त्याला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी नाव घेतलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी औषधाचं नाव घेतलं.

तेव्हा मी उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, टूली स्टेट. मोठ्या अक्षरांत, मागच्या बाकापर्यंत दिसेल असं. म्हटलं, सगळ्यांनी लिहून घ्या. कापितानांनीही लिहिलं. तू मे महिन्यात मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी म्हटलं होतं की त्याचं उत्तर नंतर देईन; ते हे.

कापितानांनी लिहिलेलं नाव फळ्याशी ताडून पाहिलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, हे मोठं आहे का?"

मी म्हटलं, "त्याच्या मापाचं आहे."

तुझी तिता